शास्त्रज्ञांना मोकळं सोडलं तर? (आईच्या सहीवरून पडलेला प्रश्न)

गंगापूररोडकर | सोम, ९ फेब्रु., रात्री ९:४०

मंडळी, प्रश्न मोठा आहे, पण सुरुवात घरातूनच करतो.

आईला चौदा वर्षांपासून मधुमेह. दिवाळीत नवी चप्पल चावली, ती जखम अजून भरत नाही. नाशिकमधल्याच एका रुग्णालयात ड्रेसिंगला नेतो (नाव लिहीत नाही, कृपया अंदाजही बांधू नका). मागच्या आठवड्यात तिथला एक तरुण डॉक्टर म्हणाला की अशा जखमांवरच्या एका नव्या जेलची ट्रायल चालू आहे, आजी त्यात बसतात, सगळं फुकट होईल, इथे सही करा. आईने पेन हातात घेतलंही होतं. तिच्या लेखी देवाखालोखाल डॉक्टर. मी म्हटलं, फॉर्म घरी नेतो.

सतरा पानं. मराठीत, म्हणजे निदान देवनागरीत. नमुना देतो: "सहभागींचे यादृच्छिकीकरण करून त्यांना दोनपैकी एका भुजेत वर्ग करण्यात येईल." आईने चष्मा लावून तीन पानं वाचली आणि विचारलं, "माझी भुजा कशाला वर्ग करतायत? जखम पायाला आहे." भुजा म्हणजे 'आर्म', आणि आर्म म्हणजे ट्रायलमधला गट, हे भाचीने फोनवर सांगितलं तेव्हा मला कळलं.

शेवटच्या पानावर एथिक्स कमिटीचा (रुग्णांवर अन्याय होत नाही ना, हे पाहून ट्रायलला मंजुरी देणारी समिती) फोन नंबर आहे. तीन दिवस लावतोय. वाजतो, उचलत कोणी नाही.

रविवारी घरी यावरून जुंपली. भाची पुण्यात पीएचडी करते. तिचं म्हणणं, शास्त्रज्ञ बहुतेक सरळ असतात, या समित्या आणि फॉर्म हा नुसता जाच आहे, काम करणाऱ्याचा वेळ खातो. मेव्हण्याचं म्हणणं, मोकळं सोडलं तर हेच लोक आपल्याला उंदीर करतील. मी मध्ये. तर विचारतो: नियम, समित्या, कायदे सगळं काढून घेतलं आणि शास्त्रज्ञांच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडलं, तर तुम्ही भरवसा ठेवाल?

सातपूर_सेकंडशिफ्ट | सोम, रात्री ९:५८

नाही.

मेहेर सिग्नलला पोलीस उभा असतो तेव्हाची माणसं आणि तो चहाला गेल्यावरची माणसं एकच असतात. गाड्या मात्र वेगळ्या चालतात.

आईंना लवकर बरं वाटो.

पिपेटवाली | सोम, रात्री १०:३१

भाचीच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं. मी मूळची नाशिकरोडची, सध्या पुण्यात जीवशास्त्रात संशोधन करते (पाचवं वर्ष, थिसिस कधी आणि लग्न कधी, दोन्ही विचारू नये).

सिग्नलची उपमा पटली नाही. १९७४ मध्ये पॉल बर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वतःहून पत्र लिहून सांगितलं की जनुकं कापून जोडण्याचे काही प्रयोग तूर्त थांबवूया, धोका किती ते आधी पाहू. पोलीस नव्हता, कायदा नव्हता. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात असिलोमार इथे सुमारे १४० जण जमले, बहुतेक शास्त्रज्ञच, आणि कुठला प्रयोग किती बंदिस्त प्रयोगशाळेत करायचा हे त्यांनीच ठरवलं. प्रयोगशाळेबाहेर जगूच शकणार नाहीत असे जंतू वापरावेत, ही कल्पनाही तिथलीच. आज लाखो मधुमेही टोचून घेतात ते मानवी इन्सुलिन याच तंत्रातून आलं, १९८२ मध्ये.

उलट नियमांनी काय केलं ते सांगते. २०१० मध्ये यूजीसीने प्राध्यापकांच्या बढतीला एपीआयचे, म्हणजे कामगिरी मोजायचे, गुण लावले. इतके पेपर, इतके गुण. झालं! पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. मग यूजीसीने मान्यताप्राप्त जर्नल्सची यादी केली, तर यादीतही तीच घुसली. मे २०१८ मध्ये ४,३०५ नावं काढावी लागली. नियमाआधी आळशी प्राध्यापक पेपर लिहीत नव्हता, एवढंच. नियमानंतर तो खोटे पेपर लिहायला लागला.

तळ्यातमळ्यात | सोम, रात्री ११:१०

असिलोमार नेहमी येतं आणि नेहमी अर्धंच येतं. १९७६ मध्ये अमेरिकेच्या एनआयएचने (आरोग्य संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) त्यावरून मार्गदर्शक नियम काढले आणि अनुदान हवं असेल तर ते पाळा, अशी अट घातली. म्हणजे दीड वर्षाच्या आत पोलीस आलाच. शिवाय तिथे चर्चा झाली ती जंतू निसटला तर काय, याची. जैविक शस्त्रं आणि माणसाच्या जनुकांत ढवळाढवळ हे विषय बाजूला ठेवले होते. अवघड प्रश्न वगळून केलेला संयम सोपा असतो हो.

आता दुसरी बाजू. टस्कीगी, अलाबामा, १९३२. सिफिलिस झालेले ३९९ कृष्णवर्णीय पुरुष, तुलनेसाठी रोग नसलेले २०१. त्यांना सांगितलं, तुमचं रक्त 'वाईट' आहे, आम्ही उपचार करतोय. उपचार करायचेच नव्हते. रोग शेवटपर्यंत कसा वाढतो ते पाहायचं होतं. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं, तरी दिलं नाही. चाळीस वर्षं! आणि हे लपूनछपून नाही. वैद्यकीय नियतकालिकांत त्यावरचे निबंध छापून येत होते, डॉक्टर मंडळी वाचत होती, पान उलटत होती. १९६९ मध्ये यावर समिती बसली. समितीने ठरवलं, चालू ठेवा. १९७२ मध्ये थांबलं ते पीटर बक्स्टन नावाच्या, सरकारी आरोग्य खात्यातल्या एका माजी कर्मचाऱ्याने प्रकरण पत्रकारांपर्यंत नेलं म्हणून.

समितीसुद्धा होती, हे विसरू नका. म्हणून मी तळ्यातही आणि मळ्यातही.

बागाईतदार_निफाड | मंगळ, पहाटे ५:५०

काढणी चालू आहे, मजूर यायच्या आत लिहून टाकतो.

नियम म्हंजे काय ते द्राक्षवाल्याला विचारा. युरोपला माल द्यायचा तर प्लॉट नोंदवायचा, फवारणीची डायरी ठेवायची, काढणीआधी लॅबचा माणूस येऊन सँपल नेणार, रिपोर्ट पास झाला तरच कात्री लावायची. २०१० ला हे सगळं केलं होतं. तरी माल युरोपात अडकला. कशानं? क्लोरमेक्वाट. आपल्याकडं सीसीसी म्हणतात, खरड छाटणीनंतर शेंडा थांबवून घड धरायला मारतात ते. त्याचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला. आणि आपल्याकडं तपासायच्या औषधांच्या यादीत त्याचं नावच नव्हतं! यादीतलं सगळं पास. नियम कोणीच मोडला नाही आणि माल नापास. मग यादीत नाव आलं. कोण किती बुडालं त्याची यादी कोणी केली नाही.

ते मारा म्हणून सांगणारे अडाणी नव्हते. शिकलेलेच होते, जीपमधून यायचे.

आता उलटं ऐका. जनुक बदललेल्या बीटी वांग्याला तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ९ फेब्रुवारी २०१० ला स्थगिती दिली, कालच सोळा वर्षं झाली. जालन्याच्या कंपनीचं वांगं बांगलादेशात २०१४ पासून पिकतंय, आपल्याकडं फायलीत. तणनाशक सोसणाऱ्या एचटीबीटी कापसाला मंजुरी नाही, तरी विदर्भात चोरून पेरतात. २०१९ ला अकोल्याकडं शेतकरी संघटनेनं तर जाहीर कार्यक्रम करून पेरला. चोरीच्या बियाण्याला पावती नसते. बोगस निघालं तर तक्रार कोणाकडं करायची? तुम्ही जाळी इतकी बारीक विणली की मासे खालून जायला लागले.

मला नियम पायजे. पण हो म्हणा नायतर नाय म्हणा. सोळा वर्षं गप बसायला नियम म्हणत नाहीत.

वेदवैभव | मंगळ, सकाळी ७:१५

आपल्या ऋषींना कसल्याही नियमांची गरज नव्हती. सुश्रुतांनी एथिक्स कमिटी विचारून शस्त्रक्रिया केल्या का? हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे.

सातपूर_सेकंडशिफ्ट | मंगळ, सकाळी ७:२२

सुश्रुतसंहितेत शिष्याने आधी भोपळ्यावर आणि काकडीवर चिरा देण्याचा सराव करावा, मगच माणसाला हात लावावा, असं स्पष्ट सांगितलंय. याला काय म्हणायचं मग? दिवे घ्या.

संपादक | मंगळ, सकाळी ९:०५

व्यक्तिगत शेरेबाजीचे चार प्रतिसाद उडवले आहेत. भोपळ्यावर वेगळा धागा काढावा.

ड्युटीवरचा | मंगळ, रात्री १:४०

आयडी नवीन घेतलाय. का ते कळेल.

एमडी करताना थिसिस असतो. आधी सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, द्यायचा, त्याला कॉलेजच्या एथिक्स कमिटीची मंजुरी जोडायची. कॉलेज कुठलं ते सांगत नाही, नाशिकचं नाही. माझ्या सिनॉप्सिसमध्ये रुग्णसंख्या लिहिली होती ६०. कमिटीने मला नऊ मिनिटं दिली, त्यातली चार संमतीपत्रातल्या ऱ्हस्व-दीर्घावर गेली. मंजूर. मग कोविड आला. ओपीडी बंद, वॉर्ड कोविडला दिला, मी तीन महिने पीपीई किटमध्ये. शेवटी मोजले तर माझ्याकडे ४१ रुग्ण होते.

गाईडकडे गेलो. फार भला माणूस. गरिबाकडून फी घेत नाहीत, माझ्या वडिलांना अ‍ॅटॅक आला तेव्हा रात्री दोनला फोन उचलून त्यांनीच बेड मिळवून दिला होता. ते म्हणाले, "अरे, बघ काहीतरी. ट्रेंड तर कळलाच आहे."

थिसिसमध्ये ६० आहेत.

टस्कीगी वाचताना आपल्याला सोपं जातं, कारण आपण तिथे नसतो. माझे १९ रुग्ण एका रविवारी दुपारी होस्टेलवर तयार झाले, चहा पिता पिता. वयं, शुगर, क्रिएटिनिन, सगळं नीट, थोडं वरखाली, फार गुळगुळीत दिसू नये म्हणून. रूममेटने दोन आकडे सुचवले. एकाही नियमाने मला पकडलं नाही. कमिटीने मंजुरीनंतर पुन्हा कधी विचारलं नाही. परीक्षकांनी समास आणि बाइंडिंग पाहिलं.

पिपेटवाली, नियम खोटेपणा शिकवतो हे तुमचं म्हणणं माझ्या बाबतीत अर्धं खरं आहे. ६० चा आकडा नसता तर मी ४१ लिहून मोकळा झालो असतो. पण 'साथीमुळे रुग्ण कमी मिळाले' असं एक पान लिहून मुदत किंवा सवलत मागता आली असती. ती मी मागितलीच नाही. मागायला गेलो तर गाईडना वाईट वाटेल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

पिपेटवाली | बुध, सकाळी ८:१०

रात्रीपासून दोनदा उत्तर टाईप करून खोडलं. आमच्या लॅबमध्ये असं होत नाही असं लिहिणार होते. मग एक ग्राफ आठवला. जाऊ दे.

तळ्यातमळ्यात | बुध, सकाळी ९:३०

@ड्युटीवरचा, लिहिलंत ते मोठं आहे. पण उद्या त्या ६० वर विसंबून कोणी काही ठरवलं तर?

ड्युटीवरचा | बुध, दुपारी ३:०२

थिसिस ग्रंथालयात धूळ खातोय, कोणी ठरवणार नाही. हे उत्तर नाही, माहीत आहे. झोप लागत नाही असंही म्हणणार नाही. लागते.

लॅबवाले_आजोबा | बुध, सायं. ६:४५

एका सरकारी प्रयोगशाळेत ३१ वर्षं काँक्रीटचे क्यूब फोडले. १५० मिलिमीटरचा ठोकळा, २८ दिवस पाण्यात, मग मशीनखाली. तीन क्यूबची सरासरी घ्यायची, आणि त्यातला एखादा सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त इकडेतिकडे गेला तर नमुना बाद.

आता यातली मेख सांगतो. मशीनचा भार किती वेगाने वाढवायचा ते नियमात लिहिलेलं आहे, पण आमच्या वेळच्या मशीनचा व्हॉल्व्ह हाताने फिरवायचा. भराभर वाढवला की आकडा जरा चढा येतो. ओळखीच्या इंजिनिअरचा क्यूब असला की हात आपोआप घाई करायचा. लाच नाही, चहासुद्धा नाही. नुसती ओळख. मला स्वतःला हे कळायला वीस वर्षं लागली. मग आम्ही क्यूबवर नुसते नंबर टाकायला लागलो, कोणाचं काम ते वहीत, वही साहेबांच्या कपाटात. पहिल्याच महिन्यात आकडे खाली आले आणि दोन जुने मित्र बोलेनासे झाले.

नारळीकर सरांनी २००८ मध्ये ज्योतिषाची चाचणी घेतली तीही अशीच. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका. ज्योतिषांना प्रत्येकी ४०, कुठली कोणाची ते ओळखा. २७ जणांनी उत्तरं पाठवली, ४६ टक्के बरोबर, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. पण मला त्यात आवडली ती व्यवस्था. पत्रिकांवर संकेतक्रमांक होते. प्रयोग करणारे विवेकवादी होते, त्यांना कौल कुठल्या बाजूने हवा होता हे जगाला ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी स्वतःचे हात आधी बांधून घेतले.

अवांतर: हात न बांधणाऱ्यांचं उदाहरण म्हणजे पंजाब विद्यापीठातले व्ही. जे. गुप्ता. हिमालयातल्या जीवाश्मांवर ढिगाने निबंध. १९८९ मध्ये जॉन टॅलंट या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने 'नेचर'मध्ये दाखवलं की यातले बरेच जीवाश्म हिमालयातले नाहीतच, परदेशांतून आलेले आहेत. विद्यापीठाने चौकशी केली, दोषी ठरवलं, आणि गृहस्थ २००२ मध्ये रीतसर निवृत्त झाले. पेन्शनरांच्या कट्ट्यावर ही गोष्ट मी सांगितली की सगळे हसतात. मला हसू येत नाही.

इयत्ता_चौथी_ब | बुध, रात्री १०:२०

धागा तीनदा वाचला. गंगापूररोडकर, तुम्ही फोन लावताय तसल्याच एका कमिटीत मी सहा वर्षं आहे. तुमच्या रुग्णालयाची नसावी, आमचा फोन मीच उचलते.

मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. २०१९ च्या क्लिनिकल ट्रायलच्या नियमांप्रमाणे अशा कमिटीत किमान सात जण लागतात. त्यात एक कायद्याचा जाणकार, एक स्त्री आणि एक सामान्य माणूस हवाच, आणि निम्मे तरी संस्थेबाहेरचे हवेत. मी सामान्यही आहे आणि बाईही, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी एका खुर्चीत दोन नियम बसवतात. आमच्याकडे निदान दुसरी एक बाई आहे.

पहिल्या बैठकीला नऊ फायली होत्या, एकेक तीनशे पानांची, चार दिवस आधी रिक्षाने घरी आल्या. बैठक तीन तासांची, त्यात सामोसा. डॉक्टर लोक भराभर इंग्रजीत बोलतात. पहिली दोन वर्षं मी मान हलवली, खोटं कशाला बोलू. मग म्हसरूळला आरोग्य विद्यापीठात एका कार्यशाळेला गेले. तिथे माझ्यासारख्याच मान हलवणाऱ्या आणखी सहा बायका भेटल्या आणि जरा धीर आला.

तिसऱ्या वर्षी एका अभ्यासात पेठ-सुरगाण्याकडच्या बायकांना दर पंधरा दिवसांनी नाशिकला यायचं होतं. मी विचारलं, एसटीचं भाडं कोण देणार? एक जण म्हणाले, मॅडम, हा वैज्ञानिक मुद्दा नाही. मी म्हटलं, म्हणूनच मला घेतलंय ना? पुढे विचारलं, जुलैत भाताची आवणी चालू झाली की त्या येणार नाहीत, मग कागदावर त्यांना 'गळाल्या' म्हणणार का? त्यावर मात्र संख्याशास्त्राचे सर एकदम सरळ बसले, कारण गळती वाढली तर अभ्यासच वाया. भाडं मंजूर झालं, बुडालेल्या मजुरीसकट. दोन तारखाही हलल्या.

'यादृच्छिकीकरण' मी आमच्याकडून घालवलं. आता आम्ही लिहितो: "तुम्हाला नवं औषध मिळेल की नेहमीचं, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल. डॉक्टरांनाही निवडता येणार नाही." औषध कंपनीच्या माणसांचे यावर तीन महिने ईमेल येत होते. वाक्य राहिलं. 'भुजा' मात्र आमच्याकडेही एकदा सुटली होती, कबूल करते.

डॉक्टरसाहेब (ड्युटीवरचे), ऱ्हस्व-दीर्घावर मीही दोन मिनिटं घालवली असती, हाताची सवय. पण मंजुरीनंतर जाऊन पाहायचा अधिकार कमिटीला असतो. सहा वर्षांत आम्ही दोनदा गेलो. फक्त दोनदा. गाडी कोण देणार, कोणाला कधी सुट्टी, यातच जातं. एरवी वर्षाचा अहवाल येतो आणि आम्ही 'नोंद घेतली' असं लिहितो. तुमचे १९ आमच्याकडेही निसटले असते.

आणि एक, जे मला कायम आठवतं, कारण आश्रमशाळा आपल्याही जिल्ह्यात आहेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या एचपीव्ही लशीचा एक अभ्यास तेव्हाच्या आंध्रातल्या खम्ममला आणि बडोद्याला चालू होता. सात मुली दगावल्या आणि एप्रिल २०१० मध्ये तो थांबवला. चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. मग चुकलं काय? वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीपत्रांवर कित्येक ठिकाणी वॉर्डननी सह्या केल्या होत्या. आईबापांना पत्ताच नाही. २०१३ मध्ये संसदेच्या समितीने यावर कडक अहवाल दिला. ती लस चांगली आहे, नातीला द्या म्हणून मीच सुनेच्या मागे लागले. पण अजून लोक मला विचारतात, "त्या लशीने मुली मेल्या ना हो?" आता यांना वॉर्डनची सही कशी समजावून सांगू?

पिपेटवाली | गुरु, सकाळी ८:४०

बाई, तुमच्यासारख्या सात असत्या तर मी तक्रार केली नसती. माझा राग 'नोंद घेतली'वर आहे.

पण नियम करणारे म्हणजे शहाणे आणि शास्त्रज्ञ म्हणजे मोकाट, असंही नको. २ जुलै २०२० चं आयसीएमआरचं (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) पत्र आठवतं? १५ ऑगस्टपर्यंत कोविडची लस आणायचीच म्हणून रुग्णालयांना लिहिलेलं. ज्या संस्थेने नीतिनियमांचं पुस्तक काढलं तिचंच पत्र! तेव्हा हे अशक्य आहे, अशी घाई नको, असं जाहीरपणे म्हणणारी इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस होती. शास्त्रज्ञच. चीनच्या हे जियानक्वी नावाच्या शास्त्रज्ञाने २०१८ मध्ये जनुकं बदललेल्या जुळ्या मुली जन्माला घातल्या तेव्हाही पहिला आरडाओरडा त्याच्याच बिरादरीने केला.

तळ्यातमळ्यात | गुरु, सकाळी १०:१५

आरडाओरडा मुली जन्मल्यावर झाला. आणि त्याला तीन वर्षांची कैद आरडाओरड्याने नाही, कोर्टाने दिली. एथिक्स मंजुरीचा कागदच त्याने बनावट केला होता. कागद लागतो, हे तरी त्याला ठाऊक होतं म्हणायचं.

तुमच्या बाजूने एक नाव मीच देतो: फ्रान्सिस केल्सी. १९६० मध्ये अमेरिकेच्या औषध खात्यात नुकत्याच रुजू झालेल्या. थॅलिडोमाईडची फाईल टेबलावर आली, झोपेचं औषध, गर्भवतीही मळमळीवर घ्यायच्या. बाहेर अनेक देशांत ते खुशाल विकलं जात होतं. बाईंनी कंपनीला म्हटलं, पुरावा अपुरा आहे, आणखी माहिती द्या. पुन्हा मागितली, पुन्हा मागितली. कंपनीने वरपर्यंत तक्रारी केल्या. जगभरात दहा हजारांहून जास्त मुलं हातापायांची व्यंगं घेऊन जन्मली, अमेरिकेत मोजकीच. आता बाई नियामक की शास्त्रज्ञ? दोन्ही.

बागाईतदार_निफाड | गुरु, दुपारी १:३०

मंजे तिनं पण फाईल अडवलीच की. पण कागद मागत होती, झोपली नव्हती. मान्य.

लॅबवाले_आजोबा | गुरु, दुपारी २:०५

आणि आपल्या २०१९ च्या नियमांत अशी तरतूद आहे की भारतात शोधलेल्या औषधाच्या ट्रायलचा अर्ज आला आणि ३० कामकाजाच्या दिवसांत उत्तर गेलं नाही, तर परवानगी मिळाली असं धरायचं. बागाईतदारांना आवडेल. केल्सीबाईंना काय वाटलं असतं कोण जाणे.

गंगापूररोडकर | गुरु, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. बाई, मग आईने सही करावी की नाही?

इयत्ता_चौथी_ब | गुरु, रात्री ९:५०

ते मी सांगणार नाही, सांगू नये. पण आजींना एवढं विचारायला सांगा. चिठ्ठीत जेल आलं नाही तर नेहमीचं ड्रेसिंग तितक्याच काळजीने होईल ना? मधेच सोडलं तर पुढचे उपचार अडणार नाहीत ना? (सोडायला कारण द्यावं लागत नाही, हे फॉर्ममध्येच कुठेतरी लिहिलेलं असेल, शोधा.) ट्रायलमुळे काही इजा झाली तर उपचार मोफत करायचे असतात, ते कोण करणार, कुठे करणार? आणि रात्री पाय सुजला तर कोणाला फोन करायचा, त्या माणसाचं नाव काय? तुम्ही स्वतः फॉर्मवर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक आहे का पाहा. ती ट्रायलची सरकारी नोंदवही इंटरनेटवर सगळ्यांना उघडी आहे, क्रमांक टाकलात की ट्रायल कुठे चालली आहे आणि कोण करतंय ते दिसतं.

तो डॉक्टर या प्रश्नांवर चिडला तर काय ते समजा. खुर्ची ओढून बसला तर तेही समजा.

गंगापूररोडकर | शनि, १४ फेब्रु., दुपारी ४:३०

अपडेट देतो.

एथिक्स कमिटीचा फोन शेवटी काल उचलला गेला. वॉर्डबॉय होता. ती खोली आता स्टोअर आहे, तो सलाईनचे खोके ठेवायला आत गेला होता. म्हणाला, "साहेब, हा फोन चालू आहे हेच मला माहीत नव्हतं."

आज आईला घेऊन गेलो. डॉक्टर खुर्ची ओढून बसला. वीस मिनिटं. सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, एका प्रश्नावर "विचारून सांगतो" म्हणाला आणि खरंच विचारून आला. रात्रीसाठी स्वतःचा मोबाईल नंबर लिहून दिला. फोनचं कळल्यावर तोही चपापला. आई खूश. सहीला तयार, पण म्हणाली, आधी ते 'भुजा' खोडा, मला समजेल असं लिहा. तो म्हणाला, आजी, छापील फॉर्ममध्ये एक शब्दही बदलायचा तर एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. आई म्हणाली, मग घ्या मंजुरी. तो म्हणाला, बरं, फोन लावून बघतो.

सही तोवर थांबली आहे. ड्रेसिंग चालू आहे.

बागाईतदार_निफाड | शनि, दुपारी ४:४१

आजींना एक पेटी पाठवली असती, पण शुगर.

इयत्ता_चौथी_ब | शनि, सायं. ५:१०

फॉर्मवरचं कमिटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक मला व्यक्तिगत निरोप करून कळवा. आमच्या वकीलबाई अशा तीन कमिट्यांवर आहेत.

गंगापूररोडकर | शनि, सायं. ५:१४

केलाय.